घटी बसलेली गिटार

माझा धंदा ऐकला की लोक आधी माझ्या हातांकडे बघतात आणि मग माझ्या नवऱ्याकडे. खरं काम हाच करत असणार आणि बाई नुसतं नाव सांगत असणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं असतं. आमचे हे भले गृहस्थ आहेत, पण ट्यूबलाइटचा स्टार्टर बदलायचा असला तरी आधी चपला घालतात, मग मेन बंद करतात आणि मग मला हाक मारतात.

मी तार गुंडाळते. केसापेक्षा बारीक तांब्याची तार, हजारो वेढे, एका इवल्याशा प्लास्टिकच्या सांगाड्यावर. माहेर शिरगावचं, नारळ-चिकूच्या वाडीतलं. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रिले, म्हणजे विजेवर चालणारे छोटे स्विच, बनवणाऱ्या एका कारखान्यात मी एकोणीस वर्षं हेच केलं. आमच्या ओळीत चौदा बायका होत्या. बायकांची बोटं सहनशील असतात म्हणून हे काम त्यांनाच द्यायचं, असं साहेब पाहुण्यांना सांगायचे. सहनशील बोटांना बढती का मिळाली नाही, हे पाहुण्यांनी विचारलं नाही. पुढे कारखाना राज्याच्या हद्दीपलीकडे गेला. वाइंडिंगचं जुनं मशीन भंगारात निघालं होतं, ते मी पालघरच्या घरी आणलं. ह्यांना वाटलं, मी शिवणकाम सुरू करणार.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते दातिवऱ्याहून. जनाभाऊ, बेंजोवाले. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य. आमच्या किनाऱ्यावर त्याच्याशिवाय हळद लागत नाही. त्या तारांखाली एक चुंबक आणि त्याभोवती कॉइल असते. तिला म्हणतात पिकअप. तार हलली की चुंबकाच्या प्रभावात खळबळ होते, कॉइलमध्ये नखाएवढी वीज उपजते आणि ॲम्प्लिफायर त्या नखाचा वाघ करतो. जनाभाऊंची कॉइल मेली होती. त्यांनी ती रुमालात गुंडाळून आणली होती, पाखराचं पिल्लू आणावं तशी. म्हणाले, "बाय, तुमी तार गुंडालता ना? हिला जिती करा." मी केली. ती कॉइल तेरा वर्षं वाजते आहे. त्यानंतर किनाऱ्यावरचे सगळे बेंजो माझ्याकडे यायला लागले आणि बेंजोंच्या मागोमाग गिटारवाले.

गिटारवाल्यांबद्दल बोलायचं तर हा अंक पुरणार नाही. त्यांना हाय-गेन ॲम्प्लिफायर हवा असतो. साध्या ॲम्प्लिफायरचं काम आवाज मोठा करणं. हाय-गेनवाला त्या नखाएवढ्या विजेला इतकं रेटतो, की आवाज फाटतो, गुरगुरतो आणि करवतीसारखा चालतो. आमच्या कारखान्यात असा आवाज आला की मोटर जळाली म्हणून आम्ही पळायचो. हे लोक त्यासाठी पगार साठवतात. वर मला विचारतात, "काकू, यापेक्षा फाटका येईल का?"

फाटक्या आवाजाला माझी ना नाही. अडचण अशी की ॲम्प्लिफायर आंधळा असतो. गिटारचा आवाज कुठला आणि शेजारच्या मिक्सरची घरघर कुठली, त्याला कळत नाही. तो दोघांनाही सारखंच रेटतो. साधा पिकअप म्हणजे पॅसिव्ह. तो आमच्या वाडीतल्या शेजारणीसारखा असतो. कान तिखट, आवाज खणखणीत, बॅटरी-बिटरी काही लागत नाही. पण गिटारचं ऐकता ऐकता ट्यूबलाइट, पंखा, पाण्याची मोटर सगळ्यांचं ऐकते आणि पुढे सांगते. तिला आवरायचं तर शेजारी दुसरी कॉइल उलटी गुंडाळून बसवायची. दोघी एकमेकींची चुगली खोडतात आणि बरीचशी घरघर मिटते. सगळी नाही. ॲक्टिव्ह पिकअप म्हणजे तीच शेजारीण, पण हळू बोलणारी. तिच्यावर वेढे कमी, म्हणून ती ऐकतेही कमी. तिच्या दाराशी एक माणूस भोंगा घेऊन बसवलेला असतो, म्हणजे गिटारच्या पोटातच एक छोटं सर्किट. तो तिचं म्हणणं स्वच्छ मोठ्याने पुढे पाठवतो. वायर कितीही लांब असो, आवाज मळत नाही. फक्त त्या भोंगेवाल्याला जेवायला लागतं. त्याचं जेवण म्हणजे नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी.

कुठला घ्यावा, हे मी गिऱ्हाइकाचं घर विचारून सांगते. मनोरचा एक जण पॅसिव्हवाली गिटार घेऊन आला होता. घरात प्रचंड घरघर. त्याच्या भिंतीला लागूनच मोटर रिवाइंडिंगचं दुकान. दोन कॉइलींचा जोड लावायला तो तयार होईना, जुना सूरच हवा होता. मी म्हटलं, "पूर्वेकडे तोंड करून वाजव." कारण सरळ आहे, एकेरी कॉइल वळवली की घरघरीशी तिचा कोन बदलतो आणि घरघर निम्मी होते. त्याने वाजवून पाहिलं, फरक पडला. महिन्याने फोन करून सांगतो, आता पलंगही पूर्वेकडे वळवलाय, झोप छान लागते, आणि देव्हाऱ्याचं काय करू. मी वास्तुशास्त्री नाही हे त्याला सांगावंसं मला अजूनही वाटलेलं नाही.

या सगळ्या फौजेत हर्षल वेगळा. तारापूरच्या एका रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर, वय सत्तावीस, केस खांद्यापर्यंत, बोलणं मात्र शाळेच्या मॉनिटरसारखं. त्याचा तिघांचा बँड होता. तिघंही ऑपरेटर. एक पहिल्या पाळीला, दुसरा दुसऱ्या, तिसरा तिसऱ्या. दोन वर्षांत ते तिघं एका खोलीत एकदाही भेटले नाहीत. बँडचं नाव फार भयंकर होतं. ते छापलेले काळे टी-शर्ट एवढीच त्या बँडची कामगिरी.

त्याला जनाभाऊंनी उचललं. जनाभाऊंना गिटारची आवड होती अशातला भाग नाही. हळदीच्या सुपाऱ्या डीजेवाले खाऊन चालले होते. बेंजो पार्टीत बारा माणसं. निम्मे जण खाडीत मासे धरणारे, पण वर्षाचा आधार म्हणजे लग्नसराई. दोन हंगाम कोरडे गेले होते. लोकांना गुरगुरणारं काहीतरी हवंय हे जनाभाऊंना कळलं आणि गुरगुरणारा माणूस बोईसरला टी-शर्ट घालून रिकामा बसलेला होता. जुळलं.

मागच्या वर्षी श्रावणात दोघं मिळून माझ्याकडे आले. तक्रार एकच. पार्टी टेम्पोवर वाजवते. टेम्पोवर जनरेटर, वर रंगीत दिव्यांची चमचम, त्यात हर्षलचा हाय-गेन ॲम्प्लिफायर. तो चालू केला की गाणं सुरू होण्याआधी पिठाची गिरणी सुरू व्हायची. हर्षलने तक्ता करून आणला होता. डावीकडे ॲक्टिव्हचे गुण, उजवीकडे पॅसिव्हचे, खाली बेरीज. जनाभाऊंना तक्ता मान्य नव्हता. "बॅटरीवर चालतं त्ये खेलनं," ते म्हणाले. "बायनं गुंडाललेली तार लाव. माजी बारा वर्सं चालली हाय."

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. पण धंद्याशी खोटं बोलता येत नाही. बेंजोला साधा ॲम्प्लिफायर असतो, तिथे माझी कॉइल राणी. जनरेटरच्या मांडीवर बसून हाय-गेन वाजवायचं, तर ॲक्टिव्हच हवा. मी तसा निकाल दिला. हर्षलने कुठून तरी स्वस्तातला संच मागवला, मीच तो बसवला. काळ्या राळेत ओतून बंद केलेली वीट. आत काय आहे दिसत नाही, उघडता येत नाही, दुरुस्त करता येत नाही. भोंगेवालाही खादाड निघाला. चांगल्या संचात एक बॅटरी महिनोन्महिने पुरते, हा सलग जोडून ठेवला तर आठ-दहा दिवसांत फस्त करणारा. मी मीटर लावून पाहिलं होतं, म्हणजे मला ठाऊक होतं.

त्या दिवशी तासभर मी व्याख्यान दिलं. शेजारीण सांगितली, भोंगा सांगितला, तक्त्यातल्या चुका दाखवून हर्षलची यथेच्छ टिंगल केली. जनाभाऊ हसून हसून डोळे पुसत होते. एक वाक्य तेवढं राहिलं. ते असं, की या गिटारला वेगळा स्विच नाही, वायर खोचली की बॅटरी चालू आणि वायर उपसली की बंद. वाजवून झालं की वायर काढून ठेवायची. धंद्यातलं पहिलं वाक्य हे. पण आपल्या हातच्या कॉइलऐवजी दुसऱ्याची वीट बसवताना मी आतून रुसले होते, आणि रुसलेला कारागीर गंमत सगळी सांगतो, कामाचं तेवढं गाळतो.

गणपतीत पार्टीने धमाल उडवली. घरघर शून्य. टेम्पो हलायचा म्हणून रोज सगळ्या वायरी निघत होत्या, त्यामुळे बॅटरीही टिकली. दातिवऱ्यातल्या पांडूशेठच्या कानावर कीर्ती गेली. पांडूशेठच्या तीन बोटी. तुळशीच्या लग्नानंतर मुलीची हळद होती, आणि पांडूशेठने ज्याला बोलावलं त्याला अख्खी किनारपट्टी बोलावते. डीजेवाला त्याच्या अंगणात दोनदा येऊन गेला होता. पांडूशेठ म्हणाला, "दसऱ्याला पालघरात मिरवनूक हाय ना, तितं ऐकतो. बरा वाटला तर तुमी, नायतर डीजे." बारा माणसांचा हंगाम त्या एका दुपारवर टांगला.

आणि मधे आलं नवरात्र.

जनाभाऊंच्या घरी वाद्यं घटी बसतात. घटस्थापनेला देवीशेजारी बेंजो, ढोल, ताशे मांडायचे, हार घालायचे आणि दसऱ्यापर्यंत नऊ दिवस हलवायचे नाहीत. नवरात्रात गरबा असतो आणि बेंजोला कुणी कुत्रं विचारत नाही, तेव्हा जे नऊ दिवस रिकामेच जायचे त्यांचाच त्यांच्या आजोबांनी नेम करून टाकला, असा माझा अंदाज आहे. ते असो. पण नेमाला एक पोटनियम आहे. वाद्य तुटकं बसवायचं नाही. ढोल टिपरूसकट बसतो, ताशा काड्यांसकट. बेंजो वायरीसकट बसतो, वायर ॲम्प्लिफायरला जोडलेली. बारा वर्षं माझी पॅसिव्ह कॉइल अशी जोडलेली बसत होती आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. जेवतच नाही, तर उपास कसला? त्या वर्षी पहिल्यांदा शेजारी गिटार बसली. वायरीसकट.

पहिल्या माळेला जनाभाऊंनी फोनवर फोटो पाठवला. झेंडूचे हार, हळदकुंकू, घट, मधोमध काळी गिटार, तिच्यातून निघालेली वायर, वायरीवरही एक बारीकसा हार. मी फोटो बघितला, छान दिसते म्हटलं आणि दोन हात जोडल्याचं चित्र पाठवून दिलं.

दसऱ्याला चार वाजता मिरवणूक चौकात आली. एका बाजूला स्वागताचं व्यासपीठ, त्यावर आमचे एक लोकप्रिय नेते शुभेच्छा द्यायला आलेले. नाव कशाला, दर पाच वर्षांनी ते स्वतःच येऊन सांगतात. जनाभाऊंचा टेम्पो व्यासपीठासमोर थांबला. पांडूशेठ पिंपळाखाली पान चघळत उभा. हर्षलने गिटारच्या पट्ट्यात मान घातली, जनाभाऊंनी मान हलवली आणि पार्टी सुरू झाली.

मीही गर्दीत उभी होते; पहिल्या दहा सेकंदांतच मी कान टवकारले. गिटार गुरगुरत नव्हती, उचक्या देत होती. मरायला टेकलेली बॅटरी आवाज फाडते, बारीक करते, मधेच गिळते. आता गंमत बघा, मुळात आवाज फाटकाच असल्यामुळे कुणालाच काही कळलं नाही. समोरची चार पोरं डोळे मिटून माना झटकत होती. एकाने शेजाऱ्याला सांगितलं, ही नवीन स्टाइल आहे. खुद्द हर्षलला वाटलं, आज फारच झकास येतंय. मग गिटारने शेवटची उचकी दिली आणि ती गप्प झाली. जनाभाऊ एकटेच बेंजो ओढत राहिले, घाम पुसायला हात मोकळा नाही. पांडूशेठने पान थुंकलं आणि घड्याळ बघितलं.

मी फोन काढला. फोटो उघडला. वायर, वायरीवरचा हार, आणि त्याखाली माझेच जोडलेले दोन हात.

टेम्पोवर कशी चढले आठवत नाही. माझ्या पर्समध्ये कुंकवाच्या डबीशेजारी पेचकस असतो. जनाभाऊंनी बेंजो बाजूला सारला, मी गिटार त्यांच्या मांडीवर पालथी घालून झाकण उघडलं. हर्षल कुजबुजला, "काकू, कोरी बॅटरी टाकली होती. नऊ दिवस तर हातसुद्धा लावला नाही."

"हात नाही लावलास, वायर लावली होतीस," मी म्हटलं. मग गिळून टाकावंसं वाटत असूनही उरलेलं बोलले. "चूक तुझी नाही. हे मी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही."

जनाभाऊंनी माझ्याकडे बघितलं. म्हटलं, आता बारा वर्षांची ओळख संपली. ते म्हणाले, "तुमी सांगितलं असतं तरी मी वायर काडली नसती, बाय. देवीम्होरं तुटका कसा ठेवायचा?"

त्यावर वाद घालायला वेळ नव्हता. चौकोनी बॅटरी हवी होती आणि दसऱ्याच्या दुपारी चौकातल्या प्रत्येक दुकानाला झेंडूचा हार आणि कुलूप. माझ्या मीटरमध्ये एक होती, पण मीटर घरी आणि घर गर्दीच्या पलीकडच्या टोकाला. तेवढ्यात व्यासपीठाच्या कोपऱ्यात गुड्डूभाई दिसला. बोईसरचा साउंडवाला, माझं जुनं गिऱ्हाईक. त्याच्यापुढे टेबलावर बिनवायरीचा माइक. तो जुना माइक मीच दोनदा उघडलेला, त्याच्या पोटात काय असतं मला पाठ. मी नुसतं बोट दाखवलं.

"भाभी, साहब का भाषण बाकी है," तो म्हणाला.

"मालूम है, इसीलिए," मी म्हटलं.

गुड्डूभाईने माझ्याकडे बघितलं, नेत्यांकडे बघितलं. मागच्या तीन कार्यक्रमांत ते काय काय बोलले होते ते त्याला आठवलं असावं. "मैं ज़रा पान खाके आता हूँ," असं म्हणून तो निघून गेला. मी बॅटरी काढली आणि माइक जसा होता तसा, त्याच कोनात ठेवला.

पुढचं दृश्य मी आजारपणात आठवते, बरं वाटतं. नेते उठले, माइक हातात घेतला, डावा हात उंच केला आणि तोंड उघडलं. नेमक्या त्याच क्षणी समोरून हर्षलची गिटार कडाडली, करवत, वाघ, जळकी मोटर सगळं एकदम, आणि त्यावर जनाभाऊंचा बेंजो नाचत सुटला. नेत्यांचे ओठ हलत होते, हात वर-खाली होत होते, आवाज गिटारचा येत होता. चौकात शिट्ट्या आणि टाळ्यांचा पाऊस पडला. नेत्यांना वाटलं, टाळ्या आपल्याच. आयुष्यात प्रथमच त्यांनी भाषण चार मिनिटांत आटोपलं, गर्दीला हात हलवला आणि समाधानाने खाली बसले.

पार्टी थांबल्यावर पांडूशेठ टेम्पोजवळ आला. जनाभाऊ खाली उतरले. पांडूशेठने आधी गिटारकडे, मग व्यासपीठाकडे बघितलं. म्हणाला, "हलदीला तुमीच. पन एक अट हाय. आमच्या याह्याला, पोरीच्या सासऱ्याला, भाषनाची लय खोड हाय. त्याचा मायक पन असाच वाजवायचा."

तो हंगाम पार्टीला कसा गेला हे जनाभाऊच सांगतील. एवढं खरं, की आता मला त्यांच्या घरचे माशाचे वाटे थांबवा म्हणून सांगावं लागतं. मी दुसऱ्या दिवशी हर्षलला म्हटलं, वीट काढून माझी दोन कॉइलींची जोडी लावून देते, बॅटरीची कटकट नको. तो म्हणाला, "काकू, जनरेटरवर ती घरघरणार, तुम्हीच सांगितलं होतं." माझंच व्याख्यान माझ्यावर उलटलं. वीट तिथेच राहिली. नेमाचा प्रश्न उरला होता, तो जनाभाऊंनी सोडवला, तक्त्याशिवाय.

या वर्षी पहिल्या माळेला फोटो आला. झेंडू, घट, बेंजो, मधोमध गिटार. वायर जोडलेलीच, तिच्यावर बारीक हार. गिटारसमोर विड्याची दोन पानं, त्यावर सुपारी, आणि सुपारीशेजारी हळदकुंकू लावलेली चौकोनी बॅटरी. खाली जनाभाऊंनी लिहिलं होतं की हिचा पण उपास.

मी फोटो दोन बोटांनी मोठा केला. बॅटरीची दोन्ही टोकं मोकळी आहेत याची खात्री केली. आणि मग हात जोडले.